अक्कलदाढेची पुडी

"दाढ घेऊन जाताय की ठेवू इथंच? कॉलेजच्या पोरांना प्रॅक्टिसला लागतात."

डॉक्टरबाईंनी हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, अर्धा गाल बधिर आणि जीभ दुसऱ्याच कुणाची तरी उसनी आणल्यासारखी. प्रश्न अगदी सहज होता, पिशवी हवी का विचारतात तसा. आणि मी, का कोण जाणे, हात पुढे करून "द्या" म्हटलं. ते "ग्या" असं ऐकू गेलं असणार कारण असिस्टंट मुलगी हसली. तिनं ट्रेमधली दाढ नळाखाली धरली, गॉजच्या तुकड्यात गुंडाळली आणि गोळ्या देतात तसल्या छोट्या कागदी पाकिटात घालून माझ्या हातावर ठेवली. घरी आल्यावर भूल उतरायच्या आधीच मी ती पुडी उघडली. वरचा भाग ओळखीचा होता, जिभेनं हजारदा चाचपलेला, पण खालची मुळं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. दोन मुळं, टोकाशी एकमेकींकडे वळलेली, मेणासारखी पिवळट, आणि एकीला दोऱ्याएवढा गुलाबी धागा अजून चिकटलेला. पंचवीसेक वर्षं ही बाई माझ्याच जबड्यात राहत होती आणि आमची ही पहिली भेट.

मग ते डोक्यात बसलं. "द्या" का म्हटलं मी? मी काही वस्तू जपून ठेवणाऱ्यातली नाही. केस कापून झाल्यावर खुर्चीखाली पडलेल्या ढिगाकडे मी कधी वळूनसुद्धा बघितलेलं नाही. रक्त तपासायला देतो, त्या नळीतलं उरलेलं रक्त पुढे कुठे जातं हे विचारावंसं कधी वाटलं नाही. आणि त्याच दिवशी सकाळी, दाढ काढायच्या आधी, दोन पानी फॉर्मवर मी एक ओळही न वाचता सही ठोकली होती, जिथे पेन्सिलनं फुली मारली होती बरोबर तिथे. त्यात काय लिहिलं होतं कुणास ठाऊक. म्हणजे जिथे नीट विचारलं जात होतं, कागदावर, तिथे मी लक्ष दिलं नाही, आणि जिथे सहज तोंडी विचारलं तिथे मात्र एकदम माझी मालकी जागी झाली.

दोष अर्थात माझ्या वाचनाचा आहे. गेली काही वर्षं मला जुन्या हाडांच्या बातम्या वाचायचा नाद लागलाय. कुठल्या गुहेत काय सापडलं, कुणाच्या दातातून कुठला डीएनए निघाला, कोण कुठून कुठे चालत गेलं. रात्री झोप येत नसली की लोक रील्स बघतात तसं मी हे बघते. त्यामुळे मला माहिती होतं की त्या पिवळट मुळावर सिमेंटम नावाचा एक पातळ थर असतो आणि हजारो वर्षांनीसुद्धा त्यात डीएनए टिकून राहू शकतो. पुडीत जे होतं ते नुसतं हाडकासारखं काहीतरी नव्हतं. त्यात मी होते, माझी आई होती, तिची आई, आणि माझा भाऊ पण अर्धामुर्धा होताच, ज्याला कुणी काही विचारलेलं नाही.

दाढेपेक्षा भारी माल मात्र दुसरीकडे असतो. कानाच्या आत.

हे मला वाचायच्या कितीतरी आधी ताईनं सांगितलं होतं. ताई मेडिकलला गेली तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या खोलीत, तिच्या पलंगाखाली, एका कापडी पिशवीत माणसाची खरी हाडं होती. सीनियरकडून घेतलेला सेकंडहँड सेट. आधी मी त्या खोलीत झोपायला नकार दिला, मग पंधरा दिवसांत सवय झाली आणि महिन्याभरात आम्ही त्या कवटीचं नाव बंड्या ठेवलं. बंड्याचा रंग जुन्या पुस्तकाच्या पानासारखा होता, टाळूवरून हात फिरवला तर गुळगुळीत, आणि खालच्या बाजूला भोकंच भोकं, त्यांतली काही ताईच्या आधीच्या कुणीतरी लाल-निळ्या पेननं रंगवलेली. ताई पाठ करताना त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि मी समोर बसून विचारायचे, हे काय, ते काय. कवटीच्या तळाशी तिनं एक पिरॅमिडसारखा उंचवटा दाखवला होता. "हा पेट्रस. पेट्रस म्हणजे दगडासारखा. अंगातलं सगळ्यात घट्ट हाड. ह्याच्या आत कान असतो." मी बोट लावून बघितलं होतं. थंड, आणि खरंच दगडासारखं.

बंड्या कोण होता हे आमच्या घरात कुणीच विचारलं नाही. बाई होती का पुरुष हेसुद्धा नाही, ताईला ते ओळखता येत असणार, पण नाव तर आम्ही आधीच ठेवून मोकळे झालो होतो. पुढे खूप वर्षांनी वाचलं की १९८५ साली भारतातून मानवी सांगाडे बाहेर पाठवायला बंदी आली, तोवर जगभरातल्या कितीतरी मेडिकल कॉलेजांना इथूनच सांगाडे जायचे, आणि ते कुणाचे असायचे तर ज्यांच्यामागे विचारणारं कुणी नव्हतं त्यांचे. हे वाचलं त्या दिवशी मी ताईला फोन केला. बंड्या कुठे गेला? ती म्हणाली, अगं ज्युनिअरला विकला ना. सेट विकायचाच असतो.

तर पेट्रस. २०१० साली पहिल्यांदा एका प्राचीन माणसाचा जवळजवळ अख्खा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला गेला, ग्रीनलँडमधला, सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा, आणि तोसुद्धा केसांतून. त्यानंतर चार-पाच वर्षांत लक्षात आलं की ह्या कानातल्या दगडी हाडात इतर हाडांपेक्षा कितीतरी जास्त, कधीकधी शंभरपट डीएनए टिकलेला असतो. मग काय, गाडी सुसाट सुटली. आज अशा जीनोमांची संख्या दहा हजारांच्या वर गेली आहे. पण हाडातून डीएनए काढायचा म्हणजे हाडाला भोक पाडायचं. ड्रिल लावायचं, थोडीशी पावडर गोळा करायची, चिमूटभर, मिलिग्रॅममध्ये मोजायची. लॅबमध्ये माणसं नखशिखांत पांढऱ्या सूटमध्ये, दोन-दोन हातमोजे, मास्क, का तर आपला स्वतःचा डीएनए त्यात पडू नये. मला हे दृश्य नेहमी विचित्र वाटतं. इतकी काळजी, एक शिंतोडा उडू नये म्हणून, आणि मग घर्र करून ड्रिल. माणसाला पेट्रस दोनच असतात. एकदा पावडर केली की तो भाग गेला, उद्या यापेक्षा चांगली पद्धत निघाली तरी तेवढं हाड परत येत नाही.

आणि तरी त्या पावडरीतून जे निघतं ते वाचून मी रात्री दोनला उठून बसलेली आहे, हेही खरंय. नामशेष झालेल्या निअँडरथल माणसाच्या डीएनएचे तुकडे आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात आहेत हे कळलं ते असल्याच पावडरीतून. निअँडरथलचा जीनोम वाचणाऱ्या स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं तेव्हा माझ्या घरातलं कुणीतरी जिंकल्यासारखा मला आनंद झाला होता. म्हणजे ड्रिल दुसऱ्यानं चालवलं तरी गोष्ट हवी असणाऱ्यांत मी पण आहेच.

केनेविक मॅनची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पूर्णपणे शास्त्रज्ञांच्या बाजूची होते. १९९६ चा जुलै, अमेरिकेत कोलंबिया नदीच्या काठी बोटींच्या शर्यती बघायला आलेल्या दोन कॉलेजकुमारांना पाण्यात कवटी दिसली. आधी वाटलं खुनाची केस आहे. मग कंबरेच्या हाडात रुतलेलं दगडी भाल्याचं टोक सापडलं आणि वय निघालं साडेआठ हजार वर्षांच्या आसपास. तिथल्या मूलनिवासी जमाती म्हणाल्या, हा आमचा पूर्वज आहे, परत द्या, आम्हाला त्याला पुरायचंय. त्यांनी त्याला नाव दिलं होतं, 'प्राचीन जन' असा काहीसा अर्थ होईल त्याचा. आठ शास्त्रज्ञ कोर्टात गेले की हा तुमचा कशावरून, कवटीचा आकार तर तुमच्यासारखा दिसत नाही, ह्याचा अभ्यास झालाच पाहिजे. २००४ ला वरच्या कोर्टात शास्त्रज्ञ जिंकले. मला वाटलं, बरं झालं. एवढी दुर्मिळ वस्तू मातीत घालून टाकायची म्हणजे काय! 'वस्तू' हाच शब्द आला होता माझ्या डोक्यात, मला तो अजून आठवतोय.

मग २०१५ साली हाताच्या एका हाडाच्या तुकड्यातून डीएनए निघाला. तुलनेसाठी त्याच दावा करणाऱ्यांपैकी कोलव्हिल जमातीच्या लोकांनी आपले नमुने दिले. निकाल असा की केनेविक मॅन आजच्या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्याच जवळचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते जे सांगत होते तेच. २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्याला जमातींना परत द्यायचा कायदा झाला, २०१७ च्या फेब्रुवारीत दोनशेहून जास्त लोकांनी मिळून त्याला कुठेतरी पुरलं. कुठे ते बाहेर सांगितलं नाही. वीस वर्षं गेली ह्यात.

आता ह्याचं काय करायचं? डीएनएनं त्यांची बाजू खरी ठरवली, म्हणून डीएनए काढला ते चांगलं झालं असं म्हणता येतं. पण मग समजा उलटं निघालं असतं तर? ज्या लोकांनी त्याला आजोबा मानलं, त्यांना ड्रिलमधून निघालेल्या पावडरीचं सर्टिफिकेट लागावं का? माझे आजोबा माझे आहेत हे मला कुणी लॅबमध्ये सिद्ध करायला लावलं तर मी काय म्हणेन? आणि तरीही, कुतूहल आहेच की. मी ह्या बाजूला कललेय पण पूर्ण कललेली नाही, मधेच कुठेतरी लटकतेय.

विचारणं म्हणजे काय ह्याचा मला जरा उलगडा झाला तो चाको कॅन्यनच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावर. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत पुएब्लो बोनिटो म्हणून दगडी बांधकामाचा प्रचंड जुना वाडा आहे, शेकडो खोल्यांचा, त्यातली ३३ नंबरची खोली १८९६ मध्ये खणली गेली आणि तिथली हाडं न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये जाऊन बसली. २०१७ मध्ये त्यांतल्या नऊ जणांचा डीएनए छापून आला: सगळे एकाच आईच्या वंशातले, तीनशेहून जास्त वर्षं सत्ता आईकडून चालत आलेली. मला ही गोष्ट प्रचंड आवडली होती, मी ती किमान सहा जणींना फॉरवर्ड केली. नंतर कळलं की हे करताना तिथल्या आजच्या मूलनिवासी पुएब्लो लोकांना विचारलंच नव्हतं. म्युझियमच्या कागदोपत्री ही हाडं 'कुणाची ते ठरवता येत नाही' अशा खात्यात होती, मग विचारणार कुणाला? शेजारी राहणाऱ्या लोकांना ती कुणाची ते पक्कं माहिती होतं. कागदाला माहिती नव्हतं.

आणि मग २०२५ मध्ये त्याच भागातल्या पिकुरीस पुएब्लोच्या लोकांनी स्वतः पुढाकार घेतला. आमचं चाकोशी नातं आहे असं आमचे म्हातारे सांगत आलेत, चला तपासूया. पिकुरीसच्या सोळा जुन्या माणसांचे आणि तेरा जिवंत माणसांचे नमुने घेतले, आणि अट अशी की कुठल्याही क्षणी त्यांना वाटलं तर काम बंद. निघालं काय? नातं आहे. ह्यात वापरलं गेलेलं मशीन तेच असेल, ड्रिल तेच, पावडर तेवढीच. मी संशोधनाच्या दोन्ही पेपर्सच्या बातम्या परत वाचल्या तेव्हा शास्त्रात फारसा फरक मला दिसला नाही, फरक त्या 'बंद करा' म्हणायच्या सोयीत होता. आमच्या घरात आई विचारायची, "चहा टाकू का?" आणि गॅस आधीच पेटवलेला असायचा. त्याला विचारणं म्हणत नाहीत.

बरं, जमात आहे, वंशज आहेत, कुणी हात वर करून म्हणतंय की हे आमचे, तिथे निदान कुणाला विचारायचं ते कळतं. हरियाणातल्या राखीगढीचं, सिंधू संस्कृतीतल्या त्या जुन्या शहराचं काय? तिथल्या साठेक नमुन्यांतून, उष्णतेनं सगळं खाऊन टाकलेलं असताना, एका बाईच्या पेट्रसमधून कसाबसा डीएनए मिळाला, २०१९ मध्ये छापून आला. साडेचार हजार वर्षांपूर्वीची बाई. तिच्यात स्टेपच्या, म्हणजे युरोप-आशियातल्या गवताळ पट्ट्यातल्या, लोकांचा अंश नव्हता. त्याच दिवशी दुसरा मोठा पेपर आला, पाचशेहून जास्त प्राचीन माणसांवरचा, त्यात ते स्टेपवाले नंतर आले असं होतं. दोन्ही एकमेकांना धरून होते, वाचलं तर. पण संध्याकाळपर्यंत टीव्हीवर आणि फॅमिली ग्रुपवर, आर्य बाहेरून आले म्हणणारे आणि इथलेच म्हणणारे, अशा दोन्ही पक्षांनी तीच बाई आपापल्या बाजूनं उभी केली होती, बघा आम्ही म्हणत नव्हतो का. पेपरमधलं तिचं नाव आय६११३. तिचे वंशज म्हणाल तर थोडे थोडे आपण कोट्यवधी लोक. आता कोट्यवधींकडून परवानगी कशी घ्यायची? आणि नाही घ्यायची तर तिच्या वतीनं बोलणार कोण? हाडं काढायची परवानगी कागदावर मिळते, पण तिच्या नावावर पुढे लोक काय काय खपवणार त्याची परवानगी कुणीच कुणाकडे मागितलेली नसते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, बंड्याची आठवण आली होती. आम्ही पण असंच आपल्या सोयीचं नाव ठेवून दिलं होतं.

'प्राचीन' हा शब्दसुद्धा फसवा आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात २००३ मध्ये एक सहा इंची सांगाडा सापडला, लोक म्हणाले परग्रहावरचा, हातोहात विकला गेला, २०१८ मध्ये त्याचा जीनोम छापला. ती मुलगी होती, जन्माआधी किंवा जन्मताच गेलेली, आणि फार तर काही दशकांपूर्वीची. तिची आई कदाचित अजून जिवंत असेल, हे चिलीतल्या शास्त्रज्ञांनी रागानं लक्षात आणून दिलं. मुळात तिला तिच्या जागेवरून उकरून काढलं होतं.

ह्याच्या पुढे मला लिहवत नाही, पुढे जाऊ.

उलट बाजूची एक गोष्ट आहे आणि तिच्यामुळे माझी सगळी ठाम मतं ढिली होतात. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये कॅटॉक्टिन फर्नेस म्हणून लोखंडाचा कारखाना होता, तिथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गुलाम राबवले गेले, मेले, तिथेच पुरले गेले. हायवे करताना १९७९ च्या सुमाराला त्यांच्या कबरी निघाल्या. बहुतेकांची नावं नाहीत कारण नावं लिहायचीच नाहीत ही पद्धत. २०२३ मध्ये त्यांतल्या २७ जणांचा डीएनए एका कंपनीच्या ग्राहकांच्या डीएनएशी ताडून बघितला, संशोधनाला हो म्हटलेल्या ग्राहकांच्या, आणि ४१,७९९ जिवंत नातेवाईक निघाले. बेचाळीस हजाराला जरा कमी! ज्यांचा इतिहास मुद्दाम पुसला गेला त्यांना तो हाडांतून परत मिळतोय. इथे कुठल्या तोंडानं म्हणायचं की हात लावू नका? ह्या संशोधनात आफ्रिकन-अमेरिकन वारसा जपणारे तिथले लोक सुरुवातीपासून होते, हेही आहे. पण मग २०२५ च्या मार्चमध्ये ती कंपनी, ट्वेंटी थ्री अँड मी, दिवाळखोरीत गेली आणि दीड कोटी लोकांच्या थुंकीतला मजकूर मालमत्तेच्या यादीत आला, खुर्च्या टेबलांसारखा. तेव्हा 'हो' म्हणणाऱ्यांनी कुणाला 'हो' म्हटलं होतं? माझ्या त्या फुली मारलेल्या जागेवरच्या सहीसारखंच असणार ते. स्क्रोल, स्क्रोल, ॲग्री.

जिवंत माणसाच्या संमतीची ही तऱ्हा, तर मेलेल्यानं दिलेली संमती तरी पुरते का? एका माणसानं दिली होती. संगीतकार बीथोव्हेननं. १८०२ मध्ये भावांना लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलं होतं की मी गेल्यावर माझ्या डॉक्टरला माझ्या आजाराचं वर्णन करायला सांगा, लोकांना कळू दे. ते पत्र सापडलं त्याच्या मृत्यूनंतर. २०२३ मध्ये त्याच्या नावानं जपलेल्या आठ बटा तपासल्या, पाच खऱ्या निघाल्या, एक प्रसिद्ध बट तर कुणा बाईची निघाली. यकृताच्या आजाराचा धोका सापडला, हेपटायटिस बी सापडला. बहिरेपणाचं कारण, जे त्याला सगळ्यात जास्त हवं असणार, ते नाहीच सापडलं. आणि न विचारलेलं मात्र एक सापडलं: बेल्जियममध्ये आज जे व्हॅन बीथोव्हेन आडनावाचे पुरुष आहेत त्यांचा वाय क्रोमोसोम, बापाकडून मुलाकडे जातो तो, त्याच्याशी जुळत नाही. म्हणजे त्याच्या बापाच्या बाजूला, मागच्या काही पिढ्यांत कुठेतरी, एक मूल लग्नाबाहेरचं. कुठल्या तरी पणजीनं, खापरपणजीनं पोटात ठेवून नेलेली गोष्ट निदान अडीचशे वर्षांनी पेपरात. तिनं कुठे पत्र लिहिलं होतं? त्यानं स्वतःपुरता हो म्हटला होता पण डीएनए कुणाचा एकट्याचा नसतो ना. आणि गंमत, गंमत कसली, शवविच्छेदनात बीथोव्हेनच्या कानामागची ती घट्ट हाडं अभ्यासासाठी काढून घेतली होती, १८२७ मध्येच. ती हरवली. तोच पेट्रस, ज्यातून कदाचित सगळ्यात जास्त कळलं असतं.

नियम झालेत आता, नाही असं नाही. २०२१ मध्ये ३१ देशांतल्या ६४ जणांनी मिळून पाच कलमं मांडली: त्या त्या ठिकाणचे कायदे पाळा, आधी नीट आराखडा करा, हाडांची कमीत कमी नासधूस करा, डेटा इतरांना तपासायला खुला ठेवा, आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या. वाचायला चांगली आहेत, मनापासून लिहिल्यासारखी वाटतात. पण चौथं आणि पाचवं एकाच टेबलावर बसवून बघा, लगेच भांडतात. ज्यांच्या पूर्वजांचं सगळं आजवर नेलंच गेलंय त्यांना 'डेटा खुला ठेवा' हे कसं ऐकू येत असेल? आणि खुला नाही ठेवला तर खरंखोटं तपासणार कसं? शिवाय नियम लिहिणारे बव्हंशी तेच, ज्यांच्या हातात ड्रिल. ही टीका तेव्हाच झाली होती आणि मला ती पटते, पण ड्रिल हातात नसलेल्या मला तरी कुठे नियम सुचतायत.

आणि उद्या तर हाडंसुद्धा लागणार नाहीत. डेन्मार्कमध्ये ५७०० वर्षांपूर्वी कुणा मुलीनं चघळून टाकलेला बर्च झाडाच्या डांबराचा गोळा सापडला, दातांच्या खुणांसकट, आणि त्यातून तिचा अख्खा जीनोम निघाला. सावळी, केस काळपट, डोळे निळे बहुधा. गुहेच्या नुसत्या मातीतूनही निघतो आता. थुंकलेला गोळा, त्याला कोण पुरणार नि कोण परत मागणार? तिथे मला एकदम हलकं वाटतं, कुणाचं काही मोडलं नाही म्हणून. आणि लगेच वाटतं, मग माझी दाढ तरी काय वेगळी आहे? टाकलेलीच की.

आठ दिवसांनी टाके काढायला गेले तेव्हा पुडी घेऊन गेले. ठरवून गेले होते, देऊन टाकायची, पोरांना शिकू दे, त्या कापडी पिशवीचं थोडं तरी देणं लागतो आम्ही. टाके काढले, कात्रीचा थंड स्पर्श आणि दोरा ओढल्याची ती घाणेरडी गुदगुली, आणि मी पर्समधून पाकीट काढलं. डॉक्टरबाईंना आठवलंही नव्हतं. असिस्टंट मुलीनं खालच्या कपाटातून रुंद तोंडाची एक प्लॅस्टिकची बरणी काढली. कसल्याशा फिकट पाण्यात तळाला दात, वीस-पंचवीस तरी, काही पूर्ण, काही अर्धे, एकाला अजून चांदी भरलेली. बरणीवर कॉलेजचं नाव, आत कुणाचंच नाही.

"हे सगळे विचारून घेतलेत?" मी विचारलं.

"हो, मॅडम विचारतातच."

"आणि पुढे कुणी दुसऱ्याच कशाला वापरले तर? डीएनए वगैरे?"

डॉक्टरबाई हात धुता धुता हसल्या. "अहो, एकदा ह्यात पडल्यावर तुमची कुठली आणि दुसऱ्याची कुठली, आम्हाला तरी कळणारेय का?"

कळेल की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तेवढं एकच तर नक्की कळतं. पण मागे पेशंट थांबले होते, तोंडात अजून औषधाची कडू चव होती, आणि ती मुलगी झाकण हातात धरून माझ्याकडे बघत उभी होती.

"पुढच्या वेळी आणते," म्हटलं मी, आणि पुडी परत पर्समध्ये टाकली. टाके तर निघालेत, पुढची वेळ कुठली आलीय.